ओळ आपोआप वळते

प्रतापची आणि माझी पहिली भेट अंधारात झाली. लगेच भुवया उंचावू नका... भर दुपार होती, बोईसर स्टेशनाबाहेरचा बाजार नुसता गजबजला होता, आणि मी तात्यांच्या छापखान्यात आमच्या घिवलीच्या मच्छीमार सोसायटीची पावतीपुस्तकं न्यायला आले होते. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि लाईट गेली. आतल्या खोलीतून कोणीतरी कळवळून ओरडलं—

"मेलो! सेव्ह केलं नव्हतं!"

पडदा बाजूला झाला आणि एक उंच, अनवाणी तरुण बाहेर आला. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायची बंदी असायची. आत जणू देव बसवलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या सोसायटीच्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"घिवलीहून आलात?"

"हो."

"म्हणजे तारापूरची अणुवीज तयार होते तिथूनच की! येताना थोडी घेऊन यायची ना..."

"आणली असती. पण तुम्ही सांभाळणाऱ्यातले दिसत नाही. हातात होतं तेही घालवून बसलात."

तो हसला. स्वतःवरच्या विनोदाला मनापासून हसणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. हे त्याच्या नावावर जमा केलं.

माणसं अशी मांडायची सवय मला आईकडून लागली. माझी आई, जमना, बोईसरच्या बाजारात मासे विकते. ती सांगते, गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं. एक भाव ऐकून नाक मुरडतं आणि जातं. दुसरं कुरकुरतं, भांडतं, पण घेतं. तिसरं पाटीपाशी बसतं, गोड बोलतं, कल्ला उघडून बघतं, "हीच ठेवा हं, येतोच" म्हणतं... आणि येत नाही. हा तिसरा सगळ्यात वाईट, कारण त्याच्यासाठी चांगली मासळी बाजूला काढली जाते. प्रताप कोणत्या तऱ्हेचा ते मला त्या दिवशी कळलं नाही. अंधार होता ना.

लाईट येईपर्यंत तात्यांनी माझी चौकशी केली. तात्या म्हणजे छापखान्याचे मालक, आणि प्रतापचे चुलते. मूळचे केळव्याकडचे, वाडीवाले. घरी चिकू, केळी, पानवेली. त्यांनी खिळ्यांचा जुना छापखाना मोडून कॉम्प्युटर आणला होता आणि त्याच्यापुढे पुतण्याला बसवलं होतं. पुतण्याला पानं सुंदर लावता यायची, मराठी टायपिंग मात्र तो एका बोटाने करायचा, कोंबडी दाणे टिपते तसं.

"टायपिंग येतं का गं, पोरी?"

"परीक्षा पास आहे. मराठी."

"मग उद्यापासून ये. कळा टाइपरायटरसारख्याच आहेत."

पडद्याआडून आवाज आला, "पण चपला बाहेर!"

* * *

कळा टाइपरायटरसारख्या होत्या, हे खरं. बाकी काहीच तसं नव्हतं.

टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते, आणि घंटी वाजली की गाडी ढकलून नवी ओळ घ्यायची. माझे हात तसेच वळलेले. इथे घंटी नाही, म्हणून मी नजरेने अंदाज घ्यायचे आणि ओळीच्या टोकाला एंटर हाणायचे. ठक्. पुढची ओळ. ठक्.

प्रताप मागे येऊन उभा राहिला. त्याच्या शर्टाला वाडीतल्या ओल्या मातीचा वास यायचा... मी मान वळवली नाही.

"हा ठक् ठक् आवाज कसला?"

"एंटरचा."

"प्रत्येक ओळीला?"

"ओळ संपल्यावर काय करू मग? आरती?"

तो वाकला, माझ्या हाताखालून माऊस काढून घेतला आणि कॉलमची कड धरून थोडी आत ढकलली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझं दिवसभराचं काम फुटलं. एक ओळ पूर्ण, तिच्याखाली एकच शब्द लोंबकळतोय, परत एक ओळ, परत अर्धा तुकडा... भरती ओसरल्यावर किनाऱ्यावर चिंध्या पडतात तसं.

"बघितलंत? तुम्ही ओळीओळीला खिळा ठोकून ठेवलाय. कागद बदलला की खिळे तिथेच राहतात. आपण नुसतं लिहीत जायचं, हंसाबाई. ओळ आपोआप वळते."

"कुठे वळायचं ते कोण सांगतं तिला?"

"कोणी नाही. जागा संपली की पुढचा शब्द आपला खाली उतरतो. ढकलावं लागत नाही."

"मग ही कळ ठेवलीय कशाला? एंटर मारायचा तरी कधी?"

तो सरळ झाला, हसला. "विषय संपला की."

मी सगळे खिळे काढले. एकेक ओळ खालून वर ओढून घेतली. तो बाजूच्या स्टुलावर बसून चहा पीत बघत होता. आपलं काम दुसरा करत असताना स्वस्थ बसणं ही एक कला आहे आणि ती प्रतापला उत्तम येत होती. तेही मी लिहून ठेवलं, पण कोणत्या बाजूला, ते विचारू नका. तेव्हा मी त्याला शांतपणा म्हणत होते.

* * *

मग लग्नसराई आली. तारापूरच्या कंपन्यांची लेबलं आणि "मैडम, जल्दी कीजिए" म्हणणारे सुपरवायझर मागे पडले. दुकानभर पत्रिका.

पत्रिका ही माणसं बघायची फार छान जागा आहे. कागदाचा पोत कोणी बघत नाही. सगळे आपलं नाव कुठे पडलंय ते बघतात. एकदा कुठलासा वरपक्ष तावातावाने परत आला. त्यांच्या पत्रिकेत ओळीच्या शेवटी 'चि.' राहिलं होतं आणि मुलाचं नाव खालच्या ओळीत गेलं होतं. मुलाचा मामा पत्रिका नाचवत म्हणाला, "आमचा चिरंजीव इथे लोंबकळतोय, आणि पोरगा खाली पडलाय! हा अपशकुन कोणाचा?"

तात्यांनी त्यांना उसाचा रस पाजला. ते गेल्यावर प्रतापने मला बोलावलं.

"इकडे ये, एक गंमत दाखवतो."

त्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. मी ऐकलं, पण हटकलं नाही.

दोन शब्दांच्या मध्ये नेहमीची स्पेस टाकली, की ओळ तिथे तुटू शकते. पण तीन कळा एकदम दाबल्या की वेगळी स्पेस पडते. दिसायला तशीच. आम्ही तिला चिकट स्पेस म्हणायचो. तिने जोडलेले शब्द ओळीच्या टोकाला आले तरी एकमेकांना सोडत नाहीत. जागा असली तर दोघं वर, नसली तर दोघं मिळून खाली.

"बघ हं," प्रताप म्हणाला आणि एका बोटाने टिपत टिपत त्याने दोन शब्द लिहिले. हंसा. चिकट स्पेस. प्रताप.

माझे कान गरम झाले. बाहेर छपाईचं मशीन खडखडत होतं, तात्या कोणाशी तरी बटर पेपरवरून भांडत होते, आणि पडद्यावर आम्ही दोघं अगदी ओळीच्या टोकाला उभे होतो.

त्याने कॉलमची कड आत सरकवली. जागा संपली. पण दोघांतलं एकही मागे राहिलं नाही... दोघं एकदम खालच्या ओळीत उतरली.

"बघितलंस?" तो हळूच म्हणाला. "काही केलं तरी तुटत नाही."

"काही केलं तरी?"

"काही केलं तरी."

आता मी मासेवालीची मुलगी. ताजं आहे म्हटलं तरी कल्ला उघडून बघणारी. मी त्याच्या हाताखालून माऊस काढून घेतला. त्याची बोटं तेवढ्यात माझ्या बोटांवर राहिली, आणि राहूही दिली मी. मग कॉलमची कड आणखी आत ढकलली. आणखी आत. कॉलम त्या दोन नावांहून अरुंद झाला, आणि चिकट स्पेस निमूट सुटली. वर हंसा. खाली प्रताप.

तो हसत सुटला. "अगं, एवढा अरुंद कॉलम कोण करतं का कधी?"

"मी आत्ता केला ना."

"तू करशील गं! तुझ्यासारखी शंकेखोर बाई मी पाहिली नाही." मग त्याने कड धरून पुन्हा बाहेर ओढली, नावं पुन्हा शेजारी आली, आणि पडद्याकडे बघतच तो म्हणाला, "हंसा... मी आईला घेऊन तुमच्याकडे येऊ? येत्या रविवारी?"

मी म्हटलं, "आमच्या घराला बोंबलाचा वास येतो."

"येऊ दे."

"तुझ्या आईला चालेल?"

"मी बोलतो ना तिच्याशी. होईल सगळं आपोआप."

मी 'बोलतो'वर विश्वास ठेवला. ऐकायला हवं होतं ते 'आपोआप'.

* * *

घरी सांगितलं तेव्हा आई कोयता धूत होती.

"वाडीवाले? आपल्याकडं?" तिने कोयता खाली ठेवला. "त्यांना ठाव हाय का आमी कोन?"

"माहीत आहे, आये. मीच सांगितलंय."

"तुला ठाव हाय ग. त्याला पन ठाव असंल. त्याच्या घरच्यांना ठाव हाय का?"

"तो बोलणार आहे."

"बोलनार हाय, का बोलला हाय?"

मला राग आला. आईचे प्रश्न असेच असायचे, काटा काढल्यासारखे. पण ती तेवढ्यावर थांबली. उच्छेळीहून माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, चांगलं, दोन होड्यांचं घर. त्यांना तिने निरोप धाडला, जरा थांबा. आणि शनिवारी सकाळी तिने जे केलं ते मी आजही विसरले नाही.

आमच्या दारापुढेच वलांड्या उभ्या असायच्या, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या चौकटी. जोडीजोडीने जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगलेले, उन्हात चांदीसारखे. समोरून ऊन, समुद्राचा वारा, सगळं तिथेच बरं मिळतं. आईने त्या वलांड्या एकटीने उपटल्या आणि घरामागे नेऊन उभ्या केल्या, जिथे माडांची सावली आणि अर्धंच ऊन.

"आये, तिथे नीट वाळणार नाहीत ते."

"नाय वाळंनात. पाव्हन्यांच्या नाकासमोर नको."

माझी आई बाजारात पोलिसाने सांगितलं तरी पाटी बाजूला सरकवत नाही, आणि नाकासमोर नको म्हणाली! मला ते टोचलं. पण प्रेमात माणूस टोचलेलं सुद्धा गोड मानून घेतं.

रविवारी अंगण सारवलं. सोसायटीच्या कचेरीतून खुर्च्या आणल्या. बिस्किटांचा पुडा आणला, त्याच्यावर नवं फडकं झाकलं. मी हिरवी साडी नेसले. पालघरची बस आली, गेली. पुढची आली, त्यातून शेजारचा चिंतू कोंबड्या घेऊन उतरला. आई खुर्च्यांवरची धूळ पुसायची, पुन्हा पुसायची. धूळ बसायला सुद्धा कोणी यावं लागतं... त्या खुर्च्या तर दिवसभर लख्ख राहिल्या.

ऊन उतरलं तेव्हा आई म्हणाली, "बस चुकली असंल."

"हो."

"बाईमानसाला येवढ्या लांब यायाचं, सोपं नाय."

"हो ना."

खुर्च्या परत गेल्या. वलांड्यांना मात्र तिने हात लावला नाही. "र्‍हाऊ दे मागंच," म्हणाली, "पुढल्या आयतवारी येतील."

* * *

सोमवारी प्रताप माझ्याआधी दुकानात हजर. मला बघून उठून उभा राहिला. हा शिष्टाचार नवा होता.

"हंसा, अगं, काल आईचा गुडघा..."

"खूप दुखत होता?"

"म्हणजे... तसा नेहमीचाच. शिवाय दादा आला होता मुंबईहून. तो विषय काढायला जरा निवांत वेळ—"

"तू घरी सांगितलंस का, प्रताप? एवढंच सांग."

त्याने माऊस उचलला, त्याच्या पोटातला गोळा काढून पुसला, परत बसवला. गोळा स्वच्छच होता.

"सांगतो गं. तुझं ना, ओळ संपायच्या आधीच एंटर! थोडं चालू दे ना. सगळं नीट होईल, आपोआप..."

आणि असं म्हणून तो अशा काही नजरेने बघायचा, की माझा राग उन्हातल्या बर्फाच्या लादीसारखा पाझरायला लागायचा. दुपारी त्याने वाडीतल्या चिकूंची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. मधाळ चिकू. मी खाल्ले. एक पिकलेला चिकू किती रविवारांना पुरतो, हे कोणी मला तेव्हा विचारलं असतं तर मी हसत उत्तर दिलं असतं.

पुढच्या रविवारी कोणाची तरी सोयरीक होती. त्याच्या पुढच्या रविवारी वाडीत पाणी द्यायचं होतं. मग कारणंही थांबली, नुसती नजर उरली. उच्छेळीवाल्यांनी सातपाटीची मुलगी केली.  आई घरामागच्या सावलीत बोंबील उलटेपालटे करायची, आणि बाजारातल्या बायका तिला विचारायच्या, "जमने, यंदा तुझा माल असा मऊ का ग?"

* * *

मग एके दिवशी प्रताप आला नाही, आणि तात्या पेढे घेऊन आले.

त्यांनी पुडा माझ्या टेबलावर ठेवला, पण उघडला नाही. चष्मा काढला.

"प्रतापचं जमलं, पोरी. विरारकडची मुलगी, शालू. नात्यातलीच."

मी टाइप करत होते. ओळ आपोआप वळली. मी पुढची लिहिली.

"तुमच्या दोघांचं मला ठाऊक नव्हतं असं नाही," तात्या म्हणाले. "या दुकानात पडदा आहे तो धुळीसाठी, माझ्या डोळ्यांसाठी नाही."

"मग तुम्ही काही बोललात घरी?"

"मला कोणी विचारलंच नाही."

"आणि तो? तो काय म्हणाला?"

तात्या ओशाळं हसले. "त्याने नाही कुठे म्हटलं? सगळे बोलत होते, तो चहा पीत बसला होता." मग घाईने म्हणाले, "तू मात्र दुकान सोडू नको हं. तुझ्यासारखा हात मला मिळणार नाही."

म्हणजे हात हवा होता, बाकीची नको होती. मी पुडा उघडला आणि पेढा खाल्ला. तो गोडच होता. पेढ्याचा काय दोष!

* * *

पत्रिका प्रतापने स्वतःच लावली. दोन दिवस कॉम्प्युटरच्या खोलीतून आवाज येत होता. ठक्. ठक्. ठक्.

मला आधी कळेना. मग कळलं. घरातला प्रत्येक वडीलधारा येऊन स्टुलावर बसून जात होता. मोठ्या काकांचं नाव नव्या ओळीत. आत्याच्या यजमानांचं काकांच्या खाली, पण मामांच्या वर. ते सांगतील तिथे प्रताप एंटर मारत होता. ज्याने मला ओळीला हात लावू नको म्हणून शिकवलं, तो आता सांगाल तिथे खिळा ठोकत होता. कळ त्याला सापडत नव्हती असं नाही, एवढं तरी त्यातून कळलं.

आणि ऐन छपाईच्या दिवशी मुलीकडच्यांनी कार्ड बदललं. रुंद कार्ड नको, हे हवं... उभट, अरुंद, वर सोनेरी गणपती, खाली लाल गोंडा. प्रतापने कॉलमची कड आत घेतली आणि पत्रिका फुटली. मोठे काका अर्धे वर, अर्धे खाली. आत्याचे यजमान एकटेच एका ओळीत. 'चि.' वरच्या टोकाला लोंबकळतंय आणि प्रताप खाली पडलाय.

संध्याकाळी पत्रिका देवापुढे ठेवायच्या होत्या. प्रताप माऊस नुसताच इकडेतिकडे सरकवत होता. तात्या दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते, बोलत नव्हते. त्यांच्या घराण्यात न बोलणं ही रीतच असावी.

"सरक," मी म्हटलं.

तो सरकला. मी एकेक एंटर काढला. एकेक ओळ खालून वर ओढून घेतली. काकांना काकांशी जोडलं, मामांना मामांशी. 'चि.' आणि 'प्रताप' यांच्यामध्ये तीन कळा दाबल्या, 'चि. सौ. कां.' आणि 'शालू' यांच्यामध्येही दाबल्या. काम नीट केलं. वाईट काम माझ्या हातून होत नाही, हे माझं दुर्दैव.

मग प्रूफ. तात्यांच्या दुकानाचा नियम होता, एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल फिरवायची. आणि ज्याचं काम त्याला पेन्सिल. पेन्सिल प्रतापच्या हातात होती.

मी वाचायला लागले.

"श्री कुलस्वामिनी कृपेकरून आमचे येथे... स्वल्पविराम... आमचे कनिष्ठ चिरंजीव... चि. टिंब. प्रताप... यांचा शुभविवाह... चि. टिंब. सौ. टिंब. कां. टिंब. शालू हिच्याशी..."

पेन्सिल हलत नव्हती.

"तपासतोयस ना? चुकलं तर मला बोलतील."

पेन्सिल हलली.

मी सगळं वाचलं. मुहूर्त, स्थळ, काका, मामा, आत्या. शेवटी पत्रिकेच्या तळाशी पुतण्या-भाच्यांची ओळ असते ना, तीही वाचली, अगदी विरामचिन्हासकट.

"आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं. उद्गारचिन्ह."

पेन्सिलचं टोक मोडलं.

"हंसा," तो खाली बघत म्हणाला, "माझ्या हातात काही नव्हतं गं. घरात सगळं असं... आपोआप होत गेलं."

"ओळ आपोआप वळते, प्रताप. कॉलम आपोआप अरुंद होत नाही. कड धरून कोणीतरी आत ढकलावी लागते." मी माऊस त्याच्यापुढे सरकवला. "किंवा कोणी ढकलत असेल तर धरून ठेवावी लागते. तुझा हात कुठे होता?"

 त्याने मोडकी पेन्सिल प्रुफावर आडवी ठेवली. मग अगदी बारीक आवाजात, कामाचंच विचारल्यासारखं म्हणाला—

"चिकट स्पेस टाकलीस?"

"तुझ्या नावात टाकली. तिच्या नावातही टाकली."

"आणि... आमच्या दोघांच्या मधे?"

"तिथे साधीच आहे. ते तुमचं तुम्ही बघा."

मी उठले. बाहेरून चपला आणल्या, कॉम्प्युटरच्या खोलीतच घातल्या, आणि वाकून ती मोठी कळ एकदा दाबली. ठक्. पडद्यावर पत्रिकेखाली एक रिकामी ओळ उघडली. प्रतापने वर बघितलं. मी म्हटलं, "विषय संपला."

तात्या बाहेर म्हणाले, "उद्या येशील ना, पोरी?"

"नाही, तात्या. पालघरला बाजारात छपाईचं एक नवं दुकान निघालंय. त्यांना हात हवाय."

* * *

पत्रिका आमच्या घरी आली. टपालाने. वरच्या रिकाम्या जागेत तात्यांच्या अक्षरात आईचं नाव होतं. आई चुलीपाशी होती. लाकडं ओली होती, विस्तव धरत नव्हता. तिला वाचता येत नाही. तिने पत्रिका उलटसुलट केली, सोनेरी गणपतीला नमस्कार केला, गोंडा ओढून बघितला.

"त्याचीच का?"

"हो."

"तू छापलीस?"

"मी लावली, आये. त्याच्याने होत नव्हती."

तिने मान हलवली.  गणपती हळूच कापून देवळीत ठेवला, गोंडा काढून कनवटीला लावला आणि उरलेल्या कागदाने चुलीला वारा घालू लागली. धूर झाला, विस्तव काही धरेना.

"कागद जाड हाय चांगला," ती म्हणाली. "पन अरुंद हाय. वारा पुरत नाय."

मी कोपऱ्यातली फुंकणी घेतली आणि तिच्या शेजारी बसून फुंकर घातली. एकदा, दोनदा... निखारा लाल झाला. आईने तो कागद आत सारला. पेटला तेव्हा तिने पदराने तोंड पुसलं आणि मागच्या दाराकडे बघितलं, जिथे माडांच्या सावलीत आमच्या वलांड्या अजून उभ्या होत्या.

"हंसे, उद्या बाजाराला जायच्या आधी मला हात दे," ती म्हणाली. "वलांड्या परत दारात घेऊ. ऊन तितंच बरं हाय."